सोळा इंच एक सूत

प्रिय व्हर्ला,

एक डॉलर दहा सेंट करवतीच्या पात्याचे. अर्धी वाटी तेल, ते दुकानात होतंच. दोन कप कॉफी, त्यातला तुझा तसाच गार झाला. चाळीस मिनिटं करवत आणि तासभर कानस. एवढ्यात ती नळी कापून झाली होती, आणि तुझ्याकडून मजुरी घेतली नाही म्हणून मला मोठं दानशूर असल्यासारखं वाटलं होतं. आता खरी किंमत सांगतो. तुझा जबडा, दोन ठिकाणी. माझं उजवं मनगट. तुझे जेलमधले नऊ आठवडे. आणि माझं पोरगं, ड्वेन. सरकारचा दोनशे डॉलरांचा परवान्याचा शिक्का घेतला असता, बोटांचे ठसे देऊन सहा महिने वाट पाहिली असती, तर तीच नळी हवी तेवढी आखूड करता आली असती आणि कोणी ब्र काढला नसता. पण तुझ्याजवळ सहा महिने नव्हते. सहा दिवसही नव्हते.

हे पत्र तुझ्याआधी जेलचा माणूस उघडून वाचेल. वाचू दे. त्याला ऑर्विल टॅकेटचा नमस्कार, आणि त्याच्या बापाच्या शॉटगनचा चाप मी दोनदा फुकट बसवून दिलाय याची आठवण. गुरुवारी सकाळी दहाला तुला न्यायाधीशांपुढे उभं करतील. तुझी वकील, मिस ब्रँट, सांगत होती की तू कागदावर सही करायला तयार झाली आहेस: गुन्हा कबूल, चार वर्षं. सही केली नाहीस तर खटला, आणि खटला हरलीस तर दहा. सही करू नकोस, पोरी. ते का, हे सांगायला मी जरा लांबचा रस्ता घेणार आहे. तुला ठाऊकच आहे, मी सरळ बोललो की लोकांना वाटतं म्हातारा काहीतरी विकायला बघतोय.

आधी घरची खबर. तुझ्या अकराच्या अकरा कोंबड्या माझ्याकडे सुखरूप आहेत. लंगडीने माझ्या लेथखाली अंडी घालायचं ठरवलंय आणि मी काही तिला हटकत नाही. येत्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडतोय, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. यंदा निम्मे लोक बंदूक दाखवायला येतात आणि निम्मे मला बघायला. बाहेर ट्रकला टेकून बोलतात, आणि भिंतीतून मला सगळं ऐकू येतं हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. परवा एकजण म्हणाला, ‘पोराला मारलं त्या बाईच्या कोंबड्या पाळतोय थेरडा.’ दुसरा म्हणाला, ‘कोंबड्या अंडी तरी देतात. त्या पोराने काय दिलं रे त्याला?’ पहिला हसला. मग दोघे आत आले आणि टोप्या काढून म्हणाले, ‘ऑर्विल, झालं ते फार वाईट झालं.’ मी दोघांनाही काडतुसं विकली.

माझ्या कानांचं तुला नवल वाटायचं. शिशाच्या खाणीत बारा वर्षं सुरुंग ऐकले. माझ्याबरोबरचे सगळे ठार बहिरे झाले आणि माझे कान मात्र शाबूत राहिले. घाटीतून वर येणारा ट्रक कोणाचा ते मी आवाजावरून सांगतो. खाणीतून बाहेर पडलो तेव्हा खिशात एका जुन्या लेथचे पैसे होते आणि डोक्यात शून्य. बंदुकीचं काम मला ऑटो गिसलरने शिकवलं. त्याला डोळा एकच होता आणि तोंड दोघांचं. तो म्हणायचा, ‘नळी बाहेरून मोजतो तो गाढव. नळीचं मागचं दार, तो बोल्ट, मिटव. मिटल्याचा टक् असा आवाज कानाने ऐक. मग नळीच्या तोंडातून काठी आत सोड, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण कर, बाहेर काढ आणि काठी मोज. आणि कापण्याआधी एकदा मोजलंस तरी कापल्यावर पुन्हा मोज.’ या मुलखात बायबल न वाचलेला माणूस सापडेल, पण सोळाचा आकडा न ऐकलेला नाही. रायफलची नळी सोळा इंचांच्या खाली गेली आणि कागद नसले तर दहा वर्षं. म्हणून दुसरे कारागीर साडेसोळावर कापतात, कोणी सतरावर. मी त्याला भित्र्यांचा अर्धा इंच म्हणतो. इंचाचे आठ सूत. त्यातलं एक सूत सरकारला सोडायचं आणि बाकी गिऱ्हाइकाला द्यायचं, ही माझी रीत. सोळा इंच एक सूत. दुकानाच्या दारावर तसं रंगवूनच घेतलंय. चाळीस वर्षांत ऑर्विल टॅकेटने कापलेली एकही नळी परत आली नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. तुलाही ऐकवलं होतं, त्याच दिवशी.

मोजून करायची मला सवयच. ड्वेनलाही मी मोजून मारायचो. तू एकदा विचारलं होतंस, ‘पॉप, हा असा कसा झाला?’ आणि मी म्हटलं होतं, त्याची आई लवकर गेली म्हणून. ते अर्धंच होतं. बंदूक साफ करायची पितळी सळई दाराजवळ खिळ्याला टांगलेली असायची. पाच म्हटलं की पाच, सहावा कधी नाही. त्याचाही मला अभिमान होता. तो अकरा वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्याची कुत्री दगडांनी ठेचली, आणि का म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘पाचच मारले.’ मी त्याला त्या दिवशी दहा मारले. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी चुलीवर अंडी तळत होता, शीळ घालत. मला वाटलं, आलं पोरगं ताळ्यावर. चाप, स्प्रिंग, खाच, कुठे काय अडलंय ते मला आवाजावरून कळतं. घरात काय अडलंय ते नाही कळलं. तू लग्न होऊन आलीस, पहिल्याच ईस्टरला मनगटापर्यंत बाह्या असलेला झगा घालून जेवायला बसलीस, बाहेर इतकं ऊन असताना. मी बटाट्यांचं भांडं पुढे केलं आणि म्हणालो, ‘छान दिसतेस, पोरी, हा रंग तुला शोभतो.’ बाह्यांबद्दल बोललो नाही. पुढे तीन वर्षं बोललो नाही.

ऑगस्टचा शेवटचा मंगळवार. दुपारी एकला तू तुझ्या वडिलांची रायफल चादरीत गुंडाळून घेऊन आलीस. लिव्हरची, वीस इंची नळीची, मीच एकदा तिचा दस्ता तासून दिला होता. चादर उलगडली आणि मी नळी उजेडात धरली. नळीच्या पुढच्या टोकाला बाक आला होता, नेम धरायची पुढची माशी उखडून गेली होती, आणि बाकाच्या आतल्या अंगाला काळा रंग लागला होता. बिडाच्या स्टोव्हचा. असा बाक ट्रकखाली येऊन पडत नाही. दस्त्याकडून दोन्ही हातांनी धरून, कुऱ्हाडीसारखी फिरवली तरच पडतो. तूच म्हणालीस, ‘बाक आहे तिथून कापून द्या. कायद्यात बसेल तेवढी आखूड. मी राहते त्या घराचा बोळ अरुंद आहे.’ तू दोन महिन्यांपूर्वी त्याला सोडून खाणीच्या चुऱ्याच्या डोंगरापाशी भाड्याने राहायला गेली होतीस, ते मला ठाऊक होतं. बोळात कोणासाठी वळवायची बंदूक, तेही ठाऊक होतं. शहाण्या कारागिराने सांगितलं असतं, बाक फार मागपर्यंत आलाय, सरळ लोखंड जेमतेम सोळा उरतं, ही भंगारात टाक आणि दुसरी घे. मी म्हणालो, ‘दुसरा कोणी नाही म्हणेल. मी सोळा इंच एक सूतवर कापून देतो.’

मी लिव्हर ओढून मिटवली आणि बाकातून लवत जाणारी वेताची काठी हातात घेतली. नेमकं तेव्हाच तू बोलायला लागलीस. खिडकीकडे तोंड करून, अगदी हळू. म्हणालीस, ‘पॉप, त्याचा नेम स्टोव्हवर नव्हता. मी खाली वाकले म्हणून.’ मग म्हणालीस, ‘नंतर त्याने मला पाणी आणून दिलं.’ मी ऐकत होतो. चाळीस वर्षांत इतकं कान देऊन मी कोणाचं ऐकलं नसेल. काठी आत सोडली, खूण केली, नळीवर रेघ मारली. तू म्हणालीस, पाचला येऊन घेऊन जाईन. तू गेल्यावर मी करवत लावली.

तीनच्या सुमाराला तुकडा खाली पडला आणि त्याच वेळी घाटीत ड्वेनचा ट्रक वाजला. तिसऱ्या गिअरमध्ये रडणारा. मी रायफल पोत्याखाली सरकवली. तुकडा मात्र कुठे घरंगळला ते दिसेना, आणि तो दारात उभा राहिला तेव्हा मी गुडघ्यांवर होतो. ‘काय रे म्हाताऱ्या, प्रार्थना करतोस की काय?’ म्हणाला. हसत होता, दाढी केलेली होती. तुकडा त्याच्या बुटापाशीच पडला होता. त्याने उचलला. फिरवून बघितला, अंगठ्याने तो काळा रंग खरवडला, नाकाशी नेला. ‘कोणाची?’ मी म्हटलं, ‘ऑटोच्या पुतण्याची.’ तो म्हणाला, ‘अच्छा. ऑटोच्या पुतण्याकडेही काळाच स्टोव्ह आहे वाटतं.’ माझा उजवा हात कामाच्या मेजावर होता. त्याने तुकडा हातोडीसारखा धरला आणि मनगटावर आणला. एकदाच. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याआधी ऐकू आला. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाला, ‘मोजलेस का, म्हाताऱ्या? किती झाले?’ तुकडा खिशात टाकला, माझ्या फडक्याने बूट पुसले, आणि गेला.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, पाद्र्यालासुद्धा. तू पाचला आलीस तेव्हा माझ्या हाताला कापड बांधलेलं होतं आणि मी म्हणालो, लोखंडी पकडीतून निसटलं. डाव्या हाताने नळीचं तोंड घासून गुळगुळीत केलं होतं, खालची काडतुसांची नळीही बेताने आखूड करून बसवली होती. कापल्यावर पुन्हा मोजली नव्हती. हात सुजला होता म्हणावं तर तोंड घासायला तो आडवा आला नाही. मोजली नाही, कारण एकदा मी मोजली की मोजली. तुझ्या हातात बंदूक दिली, एकही नळी परत आली नाही हे पुन्हा ऐकवलं, कायद्यात बसते म्हणून ठासून सांगितलं. आणि तो येऊन गेला, त्याने तुकडा ओळखला, तो खिशात घालून नेला, यातलं एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर तू त्या रात्री बहिणीकडे गेली असतीस. माझ्या तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, पोरगं माझं आहे, दारू उतरली की निवळेल. त्या दिवशी तो प्यायलेलाच नव्हता, व्हर्ला. त्याने दाढी केली होती.

सकाळचं तुला मी काय सांगणार. पण माझ्या बाजूने सांगतो. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हते, नुसती रक्ताची गुळगुळ, पण मला कळलं. ‘पॉप, या. तो तुम्हाला बोलावतोय.’ आधी मला केलास फोन, शेरीफला नंतर. जाळीचं दार बिजागरीतून उपटून अंगणात पडलं होतं. तव्यात अंडी जळून कोळसा झाली होती आणि गॅस तसाच चालू. ओट्यापासून बोळापर्यंत फरशीवर रक्ताचा पट्टा होता, मधे तुझे दोन दात आणि केसांचा झुपका. केसांना धरून त्याने तुला ओढत नेलं, तुकड्याने जबडा फोडला, बुटाखाली बोटं रगडली, आणि बोळात कपाटामागे तुझ्या डाव्या हाताला रायफल लागली. वीस इंचांची असती तर त्या बोळात ती वळलीच नसती. नळी भिंतीला अडली असती आणि आज मी पत्र दुसऱ्याच कोणाला लिहीत असतो. पहिली गोळी मांडीच्या हाडात. तरी तो उठत होता, असं तू जबानीत सांगितलंस, आणि भिंतीवरचे त्याच्या हातांचे ठसेही तेच सांगत होते. दुसरी बरगड्यांखाली.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोटातून येणाऱ्या रक्ताचा वास मला हरणांमुळे ठाऊक आहे. किती वेळ आहे तेही कळतं. तू समोर भिंतीला टेकून बसली होतीस, जबडा दोन्ही हातांत धरून, आणि बंदूक तुझ्या पायांवर आडवी. त्याने मान वळवून त्या नळीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, ‘काप झकास झालाय, म्हाताऱ्या.’ मग आणखी काहीतरी बोलला, पण मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं नाही, असं माझ्या आयुष्यात एवढं एकदाच झालंय.

जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने दोन आठवड्यांत कागद मिटवले: स्वतःचा जीव वाचवायला गोळी घातली, गुन्हा नाही. ड्वेनबरोबर शिकारीला जाणाऱ्या शेरीफच्या एका शिपायाला ते सोसलं नाही. बंदूक ताब्यात होती, त्याने फूटपट्टी लावली आणि केंद्र सरकारच्या बंदुका तपासणाऱ्या लोकांना फोन केला. त्यांनी काठी घालून रीतसर मोजली: पंधरा इंच सात सूत. तुला दवाखान्यातून सरळ जेलमध्ये नेलं आणि जामीन नाकारला. कापली कोणी, असं विचारल्यावर, तारांनी बांधलेल्या जबड्याने, तू कागदावर लिहून दिलंस: मी कापली, घरी, करवतीने, आखूड हवी होती म्हणून. मिस ब्रँट डोक्याला हात लावून बसली. मला म्हणाली, ‘मिस्टर टॅकेट, आखूड आहे हे ठाऊक नव्हतं, असं म्हणाली असती तर मी हिला घरी आणली असती. या बाईने सरकारचं सगळं काम स्वतःच करून दिलंय.’ तू असं का लिहिलंस ते मला कळलं. पोरगं गेलं, आता दुकान तरी राहू दे म्हाताऱ्याचं, असंच ना? ज्याने तुला एका शब्दाने सावध केलं नाही, त्याच्यासाठी.

आणि मी काय केलं? गप्प बसलो. केंद्राचे दोघे दुकानात आले होते, नीट कपड्यांतले, अदबीने बोलणारे. माझी कॉफी प्यायले, चर्चमधल्या बायकांनी दिलेला पीचचा केक खाल्ला. थोरला म्हणाला, ‘आम्ही खूप कापलेल्या नळ्या बघतो. हिचं तोंड बघितलंत का? आरशासारखं. हे घरी बसून केलेलं काम वाटत नाही.’ आणि देवाशपथ सांगतो व्हर्ला, मला बरं वाटलं. मुलाला पुरून तीन आठवडे झाले होते, तू आत होतीस, आणि सरकारी माणसाने माझा हात ओळखला म्हणून माझी छाती फुगली. तोंडाने म्हणालो, ‘बायकांचे हात आपल्याला वाटतात त्याहून कसबी असतात.’ मनात मला पक्कं ठाऊक होतं की चूक त्यांची आहे. पगारी माणसाला कुठे मोजता येतं? पुन्हा मोजतील, सोळा इंच एक सूत भरेल, तोंडघशी पडतील, तू सुटशील. मग मी कशाला बोलू? नऊ आठवडे मी याच भरवशावर रोज रात्री पोटभर जेवलो. मिस ब्रँटने दुसऱ्या तज्ज्ञाकडून मोजून घेतली, पंधरा इंच सात सूत. मी म्हटलं, तोही पगारीच.

रविवारी चर्चहून आलो आणि एक पाकीट उघडलं. ड्वेनच्या अंगावरच्या वस्तू जिल्ह्याने त्यांचं प्रकरण मिटल्यावर मला परत दिल्या होत्या. आठ आठवडे ते पाकीट पिठाच्या डब्यावर पडून होतं. वर यादी डकवलेली: पट्टा एक, किल्ल्या चार, पैशांचं पाकीट एक, लोखंडी नळीचा तुकडा एक. तो कसला तुकडा हे त्यांच्यापैकी कोणालाच कळलं नव्हतं. बाकाला स्टोव्हचा काळा रंग तसाच होता आणि दुसऱ्या टोकाला तुझं वाळलेलं रक्त. मग आठवायला लागलो. तुझ्या वडिलांच्या त्या रायफलची लिव्हर जुनी. मिटवली तरी शेवटी दाबून टक् वाजवल्याशिवाय पुरती बसत नाही, तोवर बोल्ट दोन सूत मागे राहतो आणि काठी तेवढी आत जाते. मंगळवारची ती दुपार मी दहादा कानांपुढून नेली. तुझा आवाज ऐकू येतो, खिडकीवरची माशी ऐकू येते, काठी टेकल्याचं ऐकू येतं. टक् ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी माझं लायसन्स, ती काठी आणि हा तुकडा घेऊन मी मिस ब्रँटकडे जातोय, आणि गुरुवारी तुझ्याआधी मी उभा राहणार आहे. कापली मी, मोजली मी, कायद्यात बसते असं तुला छातीठोक सांगितलं मी, आणि आदल्या दिवशी ड्वेन दुकानात आला होता तेही सांगणार. दुकान जाईल. मलाही आत टाकतील कदाचित. कोंबड्यांचं मी बघून ठेवलंय. तू एवढंच कर, सही करू नकोस, आणि ‘मी कापली’ हे जे लिहून दिलंस ते मागे घे. सोमवारी मी दारावरचं ते रंगवलेलं खरवडून काढलं. खात्री म्हणून तुकडा बाकावरून दोरा लावून तीनदा मोजला. तुझ्या वडिलांची रायफल कारखान्यातून आली तेव्हा नळी वीस इंच होती, म्हणजे तुकडा तीन इंच सात सूत भरायला हवा होता. तुकडा, करवतीने खाल्लेला भुसा धरून, चार इंच एक सूत भरला.

तुझाच,
पॉप